‘पतिपरमेश्वर’ या समासाचा विग्रह

माझी भाची इंग्लिश लिटरेचरमध्ये एमए करतेय, आणि परीक्षा जवळ आली की तिचं गाईड आमच्या डायनिंग टेबलवर मुक्कामालाच येतं. परवा चहा घेताना सहज उघडलं तर व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या, कवयित्रींच्या प्रकरणात एकाच पानावर ‘रिप्रेशन’ हा शब्द सात वेळा. ख्रिस्तिना रोझेटी म्हणजे धर्माने दाबलेली, प्रेमाला मुकलेली, म्हणून देवाकडे वळलेली बाई. संपला विषय. आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात आमच्या वाचनगटात एका काकांनी तिचंच ‘रिमेंबर’ हे सुनीत (म्हणजे सॉनेट, चौदा ओळींची कविता) वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत म्हणाले, काय तो काळ, काय ते पवित्र प्रेम, बाई मरताना सुद्धा नवऱ्याच्या सुखाचाच विचार करते (कवितेत नवरा कुठेच नाही, पण ते असो). मग जे व्हायचं तेच झालं, अर्धी माणसं ‘बिचारी’ म्हणायला लागली आणि अर्धी ‘धन्य’, आणि दोन तास हाच वाद चालला की ती गुदमरलेली होती की उदात्त होती. मी तेव्हा गप्प बसले कारण पोहे माझ्याकडे होते. आता लिहितेय.

माझं म्हणणं असं आहे की हे दोन्ही पक्ष एकच चूक करतायत. दोघांनीही धरून चाललंय की त्या काळच्या बाईच्या मनात पुरुष आणि देव एकाच पाटावर बसलेले होते, म्हणून गाईडवाल्यांना वाटतं पुरुष गेला तर त्याच्या जागी देव आला, आणि काकांना वाटतं पुरुषावरचं प्रेम हीच तिची भक्ती. पण त्या कविता नीट वाचल्या तर दिसतं की त्या बायांनी नेमकं हेच तोडलं. आपल्याकडे ‘पतिपरमेश्वर’ हा समास आहे ना, त्याचा विग्रह त्यांनी केला. पती वेगळा, परमेश्वर वेगळा. आणि एकदा परमेश्वर वेगळा झाला की पती, बाप, भाऊ, बिशप यांच्यापैकी कोणाचाच शब्द शेवटचा उरत नाही. या कवितांमधली श्रद्धा म्हणजे बाईच्या पायातली बेडी असं सरसकट म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं की ती ‘नाही’ म्हणायला उभी कुठे राहते.

हा समास इंग्रजांकडे नव्हता असं कोणाला वाटत असेल तर मिल्टन काढून बघा. १६६७ सालच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये आदम आणि ईव्हबद्दल त्याने एका ओळीत निकाल लावलाय, तो फक्त देवासाठी, ती त्याच्यातल्या देवासाठी. म्हणजे बाईला देवापर्यंत थेट लाइन नाही, मधे नवऱ्याचं एक्स्चेंज आहे. दोनशे वर्षांनी व्हिक्टोरियन पुरुष कवी हेच जरा गोड आवाजात म्हणत होते. कव्हेंट्री पॅटमोरची ‘द एंजल इन द हाऊस’ १८५४ पासून भागाभागाने आली, घरातली देवदूत म्हणजे बायको, आणि त्यात तो म्हणतो की पुरुषाला खूश ठेवायलाच हवं आणि त्याला खूश ठेवण्यातच बाईचा आनंद असतो. टेनिसनने तर १८५९ च्या ‘गिनिव्हिअर’मध्ये कळसच केला. राणीने परपुरुषावर प्रेम केलं, आता ती मठात जमिनीवर पालथी पडलीये, आणि राजा आर्थर तिच्या डोक्यावर उभा राहून लांबलचक भाषण देतो आणि शेवटी म्हणतो की सनातन परमेश्वर जशी क्षमा करतो तशी मी तुला क्षमा करतो. परमेश्वर जशी करतो तशी! तिने क्षमा त्याच्याकडे मागितली होती की देवाकडे, हा प्रश्न टेनिसनला पडलेला दिसत नाही, कारण त्याच्या हिशोबात खिडकी एकच आहे.

यात एक गंमत आहे जी सहसा कोणी बोलत नाही. हाच तो काळ जेव्हा शिकलेल्या पुरुषांचा स्वतःचा विश्वास डळमळत होता. भूगर्भशास्त्राने पृथ्वीचं वय वाढवून ठेवलं होतं, १८५९ ला डार्विन आला, बायबलची चिकित्सा सुरू झाली. टेनिसनचंच ‘इन मेमोरियम’ १८५० चं आहे, ते अख्खं शंकेने भरलेलं, प्रामाणिक शंकेत जास्त श्रद्धा असते असं तोच त्यात सांगतो. पण त्याच कवितेत तेहतिसाव्या भागात एका शंकेखोर माणसाला सल्ला दिलाय की बाबा रे, तुझी बहीण प्रार्थना करत असेल तर तिला करू दे, तिचा तो लहानपणचा स्वर्ग मोडू नकोस. ऐकायला किती समंजस वाटतं. पण अर्थ काय झाला? शंका घ्यायचा हक्क भावाला आणि श्रद्धा सांभाळायची ड्यूटी बहिणीला. घरातला देव्हारा तिच्याकडे दिला, आपण मोकळे झालो, आणि मग संध्याकाळी दमून आल्यावर तिच्याच चेहऱ्यावर आपल्याला देव दिसला पाहिजे. मॅथ्यू आर्नल्डच्या ‘डोव्हर बीच’मध्ये श्रद्धेचा समुद्र ओहोटीला लागल्याचा आवाज येतो आणि तो लगेच शेजारच्या बाईकडे वळून म्हणतो, प्रिये, आपण तरी एकमेकांशी खरे राहूया. कविता मला फार आवडते, पण जगातला देव गेल्याची भरपाई त्या एका खिडकीत उभ्या असलेल्या बाईने करायची हे ओझं तिला विचारून दिलंय का? ती अख्ख्या कवितेत एक शब्द बोलत नाही. देव जितका लांब गेला तितकं बायकोवर देवदूत व्हायचं प्रेशर वाढलं, असं माझं मत.

आता समोरच्यांचा मुद्दा, आणि तो हलका नाहीये. ख्रिस्तिना रोझेटीचं आयुष्य बघितलं तर ‘धर्माने खाल्लं तिला’ असं वाटणं साहजिक आहे. जेम्स कॉलिन्सन नावाच्या चित्रकाराशी तिचं लग्न ठरलं होतं, तो परत कॅथलिक झाला आणि ती पक्की अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, म्हणून १८५० मध्ये तिने मोडलं. पुढे चार्ल्स केली नावाच्या विद्वान, विसराळू, भल्या माणसावर तिचं खरंच प्रेम होतं, १८६६ ला त्याने विचारलं, आणि त्याची श्रद्धा तिच्या श्रद्धेशी जुळत नव्हती म्हणून तिने नाही म्हटलं. त्याच्यासाठी लिहिलेल्या इटालियन कविता तिच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडल्या. बुद्धिबळ खेळणं तिने सोडून दिलं कारण जिंकायला फार आवडायचं. स्विनबर्न या कवीच्या पुस्तकातल्या नास्तिक ओळींवर तिने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. हे वाचून मला पण हसू येतं आणि मग वाईट वाटतं. आणि चर्चचं म्हणाल तर त्या चर्चने बायकांना व्यासपीठावरून बोलू दिलं नाही, लग्नात ‘आज्ञा पाळीन’ असं वदवून घेतलं, सगळं मान्य. ज्या बाया कवी नव्हत्या, ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्यावर त्या धर्माने काय लादलं याचा हिशोब कवितेत मिळत पण नाही, हेही मान्य.

पण मग एक प्रश्न विचारते. १८५० मध्ये किंवा १८६६ मध्ये इंग्लंडमधल्या बाईने लग्नाला नाही म्हणणं म्हणजे ती नेमकं कशाला नाही म्हणत होती? १८७० च्या कायद्यापर्यंत लग्न झालेल्या बाईने कमावलेला पैसा सुद्धा नवऱ्याचा. स्वतःच्या नावावर पूर्ण मालमत्ता ठेवायचा हक्क मिळाला १८८२ ला. १८५७ च्या घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरेसा होता, बायकोला मात्र व्यभिचार अधिक क्रूरता किंवा सोडून जाणं वगैरे सिद्ध करायला लागायचं. अशा करारावर सही करायला जी बाई नकार देते तिच्याकडे कारण काय असावं लागेल? ‘मला नको’ हे कारण तेव्हा चालत नव्हतं. खरं सांगा, आपल्याकडे आज तरी किती घरात चालतं? ‘माझ्या देवाला चालत नाही’ हे कारण मात्र बापाला, भावाला, धर्मगुरूला खोडता येत नव्हतं, कारण तेच तर त्यांनी तिला शिकवलं होतं. ती फक्त ‘नाही’ साठी श्रद्धेचा वापर करत होती असा हिशोबी अर्थ काढू नका, केलीला नाही म्हणताना तिचं काळीज तुटलंच असणार. मी एवढंच म्हणतेय की तो निर्णय तिचा होता, आणि त्या निर्णयाला उभं राहायला जमीन श्रद्धेने दिली.

तिची ‘ट्वाइस’ नावाची कविता घ्या, याच काळातली, गाईडमध्ये तिला दीड ओळ दिलीये. बाई म्हणते, मी माझं हृदय हातात घेतलं आणि तुझ्यासमोर आले, एकदा तरी माझं ऐक, जरी खरं म्हणजे बोलायला तू पाहिजेस, मी नाही. त्याने ते हृदय हातात घेतलं, मित्रासारखा हसला, टीकाकाराच्या नजरेने वरखाली बघितलं आणि खाली ठेवलं, म्हणाला अजून कच्चं आहे, थोडं थांब, पीक पिकू दे. मंडईत आंबा दाबून बघून परत टोपलीत टाकतात ना, अगदी तसं. आणि खाली ठेवताना ते फुटलं. ती काय करते? चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही, उलट त्याच्या त्या निवाड्यावर हसते. मग पुढच्या कडव्यांत तेच फुटलेलं हृदय परत हातात घेते, आणि पहिल्यांदा जिथे ‘माझ्या प्रिया, माझ्या प्रिया’ असं होतं तिथे आता ‘माझ्या देवा, माझ्या देवा’. इथे गाईडवाले टाळ्या वाजवतात, बघा, पुरुष नाही मिळाला म्हणून देव! पण थांबा, ती देवाला काय सांगतेय ते वाचा. ती म्हणते तू पाहिलंयस, तू न्याय कर. हे एका माणसाने तुच्छ मानलंय, तू आतून बाहेरून तपासून बघ. म्हणजे ती वरच्या कोर्टात अपील करतेय. खालच्या कोर्टाचा निकाल तिला मान्य नाही. रडत सांत्वन मागणारी बाई आणि अपील करणारी बाई यात फरक आहे की नाही? आणि त्या दुसऱ्या भागात ‘मी मरणार नाही, जगेन’ असं पण ती बजावते. शेवटच्या ओळीत मात्र ती म्हणते की तू हस, मी गाईन, फार प्रश्न विचारणार नाही. ही ओळ माझ्या विरोधकांच्या बाजूची आहे, मी लपवत नाही, तिच्याकडे नंतर येते.

‘पुरुषाच्या जागी देव’ या थिअरीचा मूळ प्रॉब्लेम असा की तिने आधीच ठरवून टाकलंय की ओरिजिनल प्रेम पुरुषावरचं आणि देवावरचं झेरॉक्स. का बरं? आपल्याकडे जनाबाई भरल्या बाजारात जाईन म्हणते, डोईचा पदर खांद्यावर आला तरी. तिला विठ्ठल म्हणजे न झालेल्या नवऱ्याची रिप्लेसमेंट होती असं कोणी पंढरपूरच्या वाटेवर उभं राहून म्हणून दाखवावं. आपण असं म्हणत नाही कारण ती परंपरा आपण आतून ओळखतो, देवाशी भांडता येतं, त्याला दळायला बसवता येतं, त्याला शिव्या घालता येतात हे आपल्याला आजीकडून माहीत असतं. रोझेटीचा देव दळायला बसत नाही हे खरं, अँग्लिकन देव जरा जास्तच अंतर ठेवून असतो. पण नात्याची धग तीच आहे. १८८१ ची तिची ‘मोना इनॉमिनाटा’ ही चौदा सुनीतांची माळ आहे, म्हणजे सुनीतांचं सुनीत. प्रस्तावनेत ती म्हणते की जुन्या इटालियन कवींच्या प्रेयसी, दान्तेची बियाट्रिस, पेट्रार्कची लॉरा, यांचे गुण गायले गेले खरे पण त्यात त्या फारशा आकर्षक काही वाटत नाहीत, अशा एखाद्या बाईने स्वतः तोंड उघडलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. केवढा सभ्य टोमणा! आणि सहाव्या सुनीतात ती प्रियकराला सरळ सांगते, दोघांपैकी एकाला गमवायची वेळ आली तर मी देवाला गमावणार नाही, तुला गमावीन. काकांनी हे सुनीत वाचून दाखवलं असतं तर मजा आली असती. पण त्याच सुनीताचा शेवट असा की त्याच्यावर प्रेम नसेल तर तुझ्यावर करता येत नाही, आणि तुझ्यावर नसेल तर त्याच्यावर करता येत नाही. म्हणजे तिने दोघांना वेगळं केलं, पण वैरी नाही केलं. विग्रह केल्यावर दोन्ही पदं शिल्लक राहतात, ही व्याकरणातली साधी गोष्ट आहे.

आता ‘पवित्र प्रेम’ पार्टीकडे वळते, कारण त्यांचं लाडकं दैवत एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग. तिच्या ‘सॉनेट्स फ्रॉम द पोर्च्युगीज’मधलं त्रेचाळिसावं सुनीत, मी तुझ्यावर कशी कशी प्रेम करते ते मोजू दे म्हणणारं, लग्नपत्रिकांवर छापतात, मग्जवर छापतात, मी एका उशीच्या कव्हरवर पण बघितलंय. त्यात ती म्हणते की लहानपणच्या श्रद्धेने मी तुझ्यावर प्रेम करते, हरवलेल्या संतांबरोबर जे प्रेम हरवल्यासारखं वाटत होतं ते परत सापडलं. म्हणजे हे गोग्गोड नाहीये, विश्वास हरवल्याचा अनुभव असलेली बाई बोलतेय. आणि शेवट बघा, ‘देवाची इच्छा असेल तर’ मेल्यानंतर जास्त प्रेम करीन. उशीवर छापताना ती अट कोणाच्या लक्षात येत नाही. आणि त्याच माळेतलं चौदावं सुनीत कोणी छापत नाही, ज्यात ती म्हणते की माझ्या हसण्यासाठी, माझ्या बघण्यासाठी, माझ्या हळू बोलण्यासाठी माझ्यावर प्रेम करू नकोस, या गोष्टी बदलतात, आणि माझे अश्रू पुसायची तुला जी दया येते तिच्यासाठी पण करू नकोस, कारण उद्या मी रडायचं विसरले तर? देवदूत-बायकोची सगळी यादीच तिने परत केलीये. हे लिहिणारी बाई चाळिशीला आलेली होती, आजारी होती, अफूचं औषध घेत होती, आणि तिच्या वडिलांनी आपल्या मुलांपैकी कोणीच लग्न करायचं नाही असा घरात नियम केला होता. १२ सप्टेंबर १८४६ ला लंडनच्या मॅरिलबोन चर्चमध्ये तिने कवी रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न केलं, परत बापाच्या घरी गेली, आठवडाभर काहीच न घडल्यासारखी राहिली, आणि मग मोलकरीण विल्सन आणि कुत्रा फ्लश यांना घेऊन निघून गेली. बापाने तिची पत्रं न उघडता परत केली, शेवटपर्यंत. याला पवित्र म्हणा ना, माझी हरकत नाही, पण आज तुमच्या मुलीने हे केलं तर तुम्ही कोणता शब्द वापराल?

आणि एलिझाबेथबाईंचं खरं तोफखान्याचं काम ‘ऑरोरा ली’मध्ये आहे, १८५६ ची कवितेतली कादंबरी, नऊ भागांची. ऑरोराचा विसावा वाढदिवस, जूनची सकाळ, तिने एकटीनेच आयव्हीचा हार करून गंमत म्हणून स्वतःच्या डोक्यावर कवी असल्यासारखा घातलाय आणि नेमका तेव्हाच चुलतभाऊ रॉम्नी येतो आणि बघतो. (तो लाजायचा क्षण इतका खरा लिहिलाय की वाचताना आपलेच कान गरम होतात.) रॉम्नी चांगला माणूस आहे, गरिबांसाठी काम करतो, आजच्या भाषेत एनजीओवाला. तो तिला मागणी घालतो आणि त्याच दमात सांगतो की तुम्हा बायकांकडून आम्हाला ख्रिस्त मिळत नाही, आणि माझ्या मते कवी पण मिळणार नाही. बघा, दोन नकार एकत्र बांधलेत. बाई देवाचा अवतार होऊ शकत नाही म्हणून कवीही होऊ शकत नाही, तिने मदतनीस व्हावं. मग ऑरोरा काय उत्तर देते? देव-बिव सोडून दे, मी तुझ्याइतकीच हुशार आहे, असं नाही म्हणत. ती म्हणते मलाही माझं काम आहे, आकाशाने आणि पृथ्वीने नेमून दिलेलं. आणि वर टोला, तुझं लग्न तर कधीच झालंय, तुला तुझी लाडकी बायको आहे, तुझा सामाजिक सिद्धांत, दोघांना माझा आशीर्वाद! मला अजून कोणी मराठीत ‘तुम्ही संघटनेशीच लग्न केलंय’ म्हणताना दिसलं की ऑरोरा आठवते. म्हणजे रॉम्नी जी श्रद्धा तिच्याविरुद्ध वापरतो तीच ती त्याच्याविरुद्ध फिरवते. नेमणूक वरून आलीये, तुझ्या सहीची गरज नाही.

कोणी म्हणेल हे सगळं वरच्या वर्गातल्या शहाण्या बायकांचं झालं, ज्यांना समाजाने ‘पडलेली’ ठरवलं त्यांचं काय? तिथेच तर फरक सगळ्यात ठळक दिसतो. त्या काळातल्या चित्रांत आणि कवितांत घसरलेली बाई मरते, हा नियम. टॉमस हूडच्या १८४४ च्या कवितेत ती थेम्समधून प्रेत होऊन बाहेर येते, ऑगस्टस एगच्या १८५८ च्या तीन चित्रांत ती शेवटी नदीकाठी कमानीखाली बसलेली. रोझेटीने १८५९ पासून दहाएक वर्षं लंडनच्या हायगेटमधल्या अशा बायकांच्या आश्रमात स्वयंसेविका म्हणून काम केलं. त्या आश्रमातही शिस्त, प्रार्थना, पश्चात्ताप हे सगळं होतंच, तो काही मुक्तीचा अड्डा नव्हता. पण त्याच वर्षी तिने ‘गॉब्लिन मार्केट’ लिहिली. दोन बहिणी, लॉरा आणि लिझी. संध्याकाळी भुतासारखे फेरीवाले फळं विकायला येतात, लॉराकडे पैसे नाहीत तर ते म्हणतात सोनेरी केस दे. ती एक बट कापून देते, एक अश्रू ढाळते, आणि फळं चोखून चोखून खाते, साली फेकून देते, एक कोय तेवढी घरी आणते. मग ती झिजायला लागते, आधी जीनी नावाची एक मुलगी अशीच मेलेली असते. नियमाप्रमाणे लॉरानेही मरायला हवं. पण लिझी चांदीचा एक पेनी घेऊन बाजारात जाते, ते तिच्या तोंडावर फळं चिरडतात, तिचे केस ओढतात, ती ओठ घट्ट मिटून उभी राहते, आणि रस अंगावरून निथळत असताना घरी पळत येऊन बहिणीला म्हणते, मला खा, मला पी, माझ्यावर प्रेम कर. ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची भाषा आहे ही, हे माझं शरीर, खा. रॉम्नी म्हणाला होता ना, बायकांकडून ख्रिस्त मिळत नाही? इथे एक पोरगी बहिणीसाठी तेच करते, आणि लॉरा वाचते, संसार करते, मुलांना गोष्ट सांगते. यातली शारीरिक धग आजच्या समीक्षकांना दिसली ते बरंच झालं, पण श्रद्धा वजा करून वाचलं तर लॉरा का वाचते याचं कारणच कवितेतून निघून जातं.

देव बाजूला सारून नुसतं प्रेम ठेवलं की बाई मोकळी होते का, याचं उदाहरण ख्रिस्तिनाच्या घरातच होतं. तिचा भाऊ दान्ते गॅब्रिएल, चित्रकार आणि कवी, प्रेमाचीच पूजा बांधणारा. त्याची मॉडेल आणि पुढे बायको एलिझाबेथ सिडल, जी मिले या चित्रकाराच्या ‘ओफीलिया’ चित्रासाठी बाथटबच्या पाण्यात पडून राहिली आणि आजारी पडली ती. ती स्वतः चित्रं काढायची, कविता लिहायची, पण जिवंतपणी कविता छापल्या गेल्या नाहीत. ख्रिस्तिनाने १८५६ मध्ये एक सुनीत लिहिलं, स्टुडिओतल्या सगळ्या कॅनव्हासवर एकच चेहरा, कधी राणी, कधी संत, कधी देवदूत, आणि तो दिवसरात्र त्या चेहऱ्यावर जगतो, ती आहे तशी नाही, त्याच्या स्वप्नात भरते तशी. १८६२ च्या फेब्रुवारीत सिडल अफूच्या अर्काने गेली. दान्ते गॅब्रिएलने दुःखाने आपल्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली. केवढा त्याग. सात वर्षांनी कबर उकरून वही परत काढली आणि पुढच्या वर्षी पुस्तक छापलं. यावर मला काही बोलायचं नाही. ख्रिस्तिनाचं ते सुनीत मात्र १८९६ ला छापलं गेलं, ती जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

एक काटा माझ्या बाजूला पण आहे आणि तो निघत नाही. १८८९ मध्ये बायकांच्या मताधिकाराविरुद्ध एक जाहीर आवाहन निघालं, त्यावर ख्रिस्तिना रोझेटीची सही आहे. त्याआधी मताधिकाराची कार्यकर्ती आणि कवी ऑगस्टा वेब्स्टर हिला लिहिलेल्या पत्रात ती आधी नकार देते आणि मग लिहिता लिहिता इथपर्यंत येते की बायकांना मत नसल्यामुळे त्यांचे हक्क तुडवले जाणार असतील तर बायका खासदार झाल्या पाहिजेत हेच रास्त. म्हणजे मागणाऱ्यांच्या पुढे गेली, आणि मग सही उलट्या कागदावर. श्रद्धेने तिला घरातल्या पुरुषांसमोर ताठ उभं केलं पण पार्लमेंटसमोर नाही, हे मला मान्य करावंच लागतं. पण याचा दोष श्रद्धेच्याच माथी मारणाऱ्यांनी जोसेफिन बटलरचं काय करायचं ते सांगावं. पाद्र्याची बायको, कडक ख्रिस्ती. लष्करी ठाण्यांच्या गावांत पोलिसांना नुसत्या संशयावरून कुठल्याही बाईची सक्तीने वैद्यकीय तपासणी करवता येईल असा कायदा १८६४ ला आला. त्याच्याविरुद्ध ती गावोगाव बोलत फिरली, लोकांनी तिच्या सभांवर दंगे केले, आणि १८८६ ला तो रद्द झाला. ती भाषणांत ख्रिस्ताचं नाव घेत होती. मग आता श्रद्धा बेडी की पहार?

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपली पंडिता रमाबाई बघा. १८८३ मध्ये ती इंग्लंडला गेली, वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे राहिली, त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिने बाप्तिस्मा घेतला. रोझेटीची बहीण मारिया ज्या प्रकारच्या संघात जोगीण झाली होती त्याच वळणाचं हे घर. पुण्यात लोक म्हणाले एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात गेली. पण तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी तिचा पत्रव्यवहार वाचा, काय भांडलीये! सिस्टरला वाटायचं की बाप्तिस्मा घेतला म्हणजे आता वडीलधाऱ्यांचं ऐकावं, आणि रमाबाईचं म्हणणं की मी ख्रिस्ताच्या चर्चची आहे, पण पाद्र्या-बिशपांच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही, मला माझी स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. तिने चेल्टनहॅममध्ये पुरुषांना पण शिकवावं का यावर बिशप लोकांनी हरकत घेतली तर तिला अपमान वाटला. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं पाहिजेत असा आग्रह झाला तर म्हणाली संस्कृतच हवी, आणि ती देवभाषा आहे म्हणून नाही, माझ्या देशाची सगळ्यात सुंदर आणि जुनी भाषा आहे म्हणून. पतिपरमेश्वर म्हणणाऱ्यांना सोडून आलेली बाई पाद्रीपरमेश्वर कशाला मानेल? तिथेही तिने विग्रहच केला.

हे सगळं मी भाचीला तिच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ऐकवलं, बिचारी जेवत होती म्हणून सुटका नव्हती. तिला म्हटलं ‘रिमेंबर’ काढ, पाचवी-सहावी ओळ बघ. त्यात ती म्हणते, तू रोज मला सांगतोस आपलं भविष्य, जे ‘तू’ आखलंस. भविष्य दोघांचं, आखणी त्याची. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीने १८४९ साली ते एवढंसं सर्वनाम तिथे ठेवलंय आणि आपण दीडशे वर्षं डोळे पुसतोय. भाचीने पेन्सिलने त्या ‘यू’खाली रेघ मारली. मग तिने ‘ट्वाइस’ वाचली, दोनदा, आणि मला वाटलंच होतं, बोट शेवटच्या ओळीवर. “मावशी, पण इथे तर ती शेवटी म्हणतेच ना, प्रश्न विचारणार नाही म्हणून.”

मी म्हटलं, “नीट वाच. ‘फार’ विचारणार नाही म्हणतेय.”

तिने परत वाचलं, आणि त्या ‘मच’खाली पण रेघ मारली.